उलटा पीळ

बेबीनंदाबाईची चक्की दुपारी अडीचला रडकुंडीला येते.
पट्टा घसरतो, मोटार घूं करून बसते,
रांगेतल्या बाया पदराने वारा घेत डीपीला शिव्या घालतात.
"शेवटचं घर हाय व आमचं.
लाइन इथवर येईस्तोवर थकून जाते."

मी मीटर काढते.
शाळेच्या पुस्तकात त्याला विभवांतर म्हणत,
आयटीआयत व्होल्टेज,
पिंपळखुटीत नुसतं 'लाइन हाय' नाहीतर 'लाइन गेली'.
मधलं काही मोजायची इथे रीत नाही.

चक्की बंद : दोनशे बत्तीस.
चक्की चालू : एकशे शहाण्णव.
बाई, थकलेलं माणूस बसलं तरी थकलेलंच दिसतं.
ही तर बसल्याबरोबर ताजी होते.
म्हणजे दुखणं तिच्या अंगात नाही,
वाटेत आहे.

चिमट्याचा मीटर तारेला लावला : बारा अँपिअर.
खांबापाशी बारा, मोटारीपाशीही बाराच.
मध्ये कोणी एक अँपिअरही खाल्लेला नाही.
"मंग गेलं काय?" बाईची नात विचारते.
गेला तो दाब. छत्तीस व्होल्ट.

खडतकर सर फळ्यावर त्रिकोण काढायचे,
वर व्ही, खाली आय आणि आर.
जे पाहिजे ते अंगठ्याने झाका, उरलेले दोघं सांगतील.
जवारीने भरलेल्या युरियाच्या गोणीवर
मी कोळशाने त्रिकोण काढते, आर झाकते.
छत्तीस भागिले बारा.
तीन ओहम.

तार ॲल्युमिनियमची, चार चौरस मिलिमीटरची,
सत्तर मीटर जायची, सत्तर यायची
(करंट कोणाकडे मुक्कामाला राहत नाही),
तिचा सगळा मिळून एक ओहम होतो.
उरले दोन.
बाराचा वर्ग गुणिले दोन, दोनशे अठ्ठ्याऐंशी वॅट
कुठल्यातरी फांदीआड नुसते तापत बसलेत
बेबीनंदाबाईच्या बिलावर.

लाइनमन आत्रामभाऊंनी खांबावरचा फ्यूज काढला,
खिशात घातला, खिशावर हात ठेवून उभे राहिले.
मी शिडी लावली.
मोहाच्या झाडातून तार जाते तिथे सापडला जोड.
टेप वितळून डांबर झालेली,
आत तांब्याला बांधलेली ॲल्युमिनियम,
दोघांच्या मध्ये पांढरी भुकटी.
वास घेतला. जळका, जुना.

आणि पीळ उलटा.

सगळे तार पिळतात ती घड्याळाच्या काट्यासारखी.
हा पीळ दुसरीकडे गेलेला.
या गावात तार पिळणारी डावखुरी
मी एकटी.

दहावीची सुट्टी होती. पक्कड नव्हती.
दातांनी सोलली होती तार,
पन्नास रुपये आणि पायलीभर दळण फुकट.
"पोट्टी हुशार हाय," बाई म्हणाली होती,
आणि मी ते चार वर्षं जपून ठेवलं होतं.
तेवढीच वर्षं हा जोड इथे तापत होता.
सुंभ जळतो, पीळ जात नाही,
हे मराठीच्या पेपरात वाक्यात उपयोग करून
दोन मार्क मिळवले होते मी.

जळकं कापलं. तार घासून चकचकीत केली,
दोन धातूंसाठीचा कनेक्टर घातला, स्क्रू आवळले,
अजून एकदा आवळले.
खाली उतरायच्या आधी पुन्हा अंगठा :
या वेळी व्ही झाकला. बारा गुणिले एक.
बारा गेले पाहिजेत, जास्त नाही.

आत्रामभाऊंनी खिसा मोकळा केला.
चक्की लागली. मीटर म्हणाला, दोनशे एकोणीस.
एक इकडेतिकडे.
मोटारीचा आवाज असा खाली उतरला
की बोलणाऱ्या बाया अचानक मोठ्याने बोलायला लागल्यासारख्या वाटल्या.

बाईने जळका तुकडा तळहातावर उलटापालटा केला.
"कोन्या मेल्यानं केलतं व हे?"

"मेल्यानं नाही," मी म्हटलं,
"मेलीनं."

तिने माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं.
मग माझ्याकडे.
मग हसायला लागली ती पीठ उडेपर्यंत.

पैसे मी घेतले नाहीत. तिनेही दोनदा विचारलं नाही.
गोणीवरचा भागाकार
कोणाच्या तरी डोक्यावरून घरी गेला.